सर्पगंधा व रक्ताचा दाब

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास रक्ताच्या दाबाचा विकार जडला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे त्या घरात बहुधा दोन पक्ष उत्पन्न होतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, हे सारे आपल्या आयुर्वेदाने पूर्वीच सांगून ठेविले आहे. सर्पगंधेचे चूर्ण घ्यावे, या परकी गोळ्यांचे प्रयोजन काय? दुसऱ्या पक्षास हे बोलणेच हास्यास्पद वाटते. त्याच्या मते झाडपाल्यात काही तथ्य नाही. औषध म्हणून जे काही आहे ते सर्व पाश्चात्त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेले आहे. हा वाद रंगात आला असता, ज्यांच्यासाठी तो चालला आहे ते आजोबा मात्र 'मला कुठे काय होते आहे?' असे म्हणून दोन्ही औषधे बाजूस सारतात आणि लोणच्याची आणखी एक फोड वाढावयास सांगतात.

सर्पगंधेचा गेल्या शतकातील इतिहास या दोन्ही पक्षांस निरुत्तर करणारा आहे, आणि आजोबांसही. तो पुरता ठाऊक असलेली घरे थोडी. म्हणून या महिन्यात तोच वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो जोर करते तो वरचा आकडा, आणि हृदय विसावते तेव्हा जो जोर शिल्लक राहतो तो खालचा आकडा. रक्तास असा काही दाब असतो हे प्रथम प्रयोगाने दाखविले ते इंग्लंडातील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने. त्याने एका घोडीच्या धमनीस नळी जोडली, तेव्हा काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा वृत्तान्त त्याने 1733 मध्ये प्रसिद्ध केला. परंतु माणसाची धमनी अशी उघडता येत नाही. दंडास पट्टा बांधून पाऱ्याच्या उंचीवर दाब मोजण्याची सोयीची रीत इटलीतील रिवा-रोची याने 1896 मध्ये काढली, आणि धमनीवर नळी ठेवून ध्वनी ऐकावयाचा व त्यावरून दोन्ही आकडे ठरवावयाचे ही युक्ती रशियातील कोरोत्कोव याने 1905 मध्ये दाखविली. आज आपल्या घरी डॉक्टर येतात आणि पट्टा फुगवून कानाला नळ्या लावतात, ती रीत या दोघांची.

हा रोग इतर रोगांसारखा नव्हे. ताप आला तर अंग तापते, दात दुखला तर झोप येत नाही. रक्ताचा दाब वाढला तर बहुधा काहीच होत नाही. माणूस जेवतो, फिरावयास जातो, नातवंडांस गोष्टी सांगतो, आणि आत हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळ्यांचे पडदे झिजत असतात. नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर येथे रोग्याचे स्वतःचे प्रत्यक्ष हे प्रमाणच होऊ शकत नाही. जे इंद्रियांस कळत नाही ते यंत्रानेच जाणावयाचे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व इतिहास याच्याच भोवती फिरतो.

रोग मोजता येऊ लागला, तरी त्यावर उपाय असा नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च 1944 मध्ये 186 वर 108 इतका भरला. जगातील एका बलाढ्य राष्ट्राचा तो अधिपती. त्यास कोणत्या वैद्याची वा कोणत्या औषधाची वाण पडणार होती? तरीही त्यास मिळाले ते इतकेच: दुबळ्या झालेल्या हृदयासाठी डिजिटॅलिस, आहारात मीठ कमी, काम कमी, विश्रांती अधिक. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन तो मरण पावला. त्या काळी काही शल्यवैद्य मज्जातंतूंची मोठी शस्त्रक्रिया करून दाब उतरवीत. अमेरिकेतीलच केंपनर नावाचे वैद्य रोग्यास महिनोन् महिने केवळ भात, फळे व साखर यांवर ठेवीत. कित्येक चांगल्या वैद्यांची तर अशी समजूत होती की, कठीण झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलण्यास वाढलेला दाब आवश्यकच आहे व तो उतरविण्याच्या भरीस पडू नये.

आता सर्पगंधेकडे वळू. ही आपल्या देशातील दमट रानांत उगवणारी, गुडघ्याएवढी, पांढऱ्या-तांबूस फुलांची झुडुपवजा वनस्पती आहे. औषधास तिचे मूळ घेतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विषप्रकरणी सर्पगंधा हे नाव आढळते. गोव्यात राहून तेथेच 1563 मध्ये आपला औषधीविषयक ग्रंथ छापविणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही सर्पदंशावरील एका मुळाचे वर्णन केले असून ते हेच मूळ होय असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. युरोपीय शास्त्रातील तिच्या नावाची कथा मात्र मौजेची आहे. प्ल्यूमिये या फ्रेंच वनस्पतिज्ञाने या कुलास राउवोल्फिया असे नाव दिले ते लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. आणि तो वैद्य तर सीरिया व इराक या प्रांतांपर्यंत प्रवास करून परतला होता, हिंदुस्थानात त्याने पाऊलही टाकले नव्हते!

ग्रंथांतून विषावर सांगितलेली ही वनस्पती लोकांच्या हाती निराळ्याच कामास लागली होती. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. उन्मादाने बेफाम झालेल्या माणसास तिचे मूळ दिले की तो शांत होई. येथे पहिल्या पक्षास नम्रपणे एक प्रश्न विचारावासा वाटतो. चरकाने सर्पगंधा सांगितली हे खरे. पण रक्ताच्या दाबावर सांगितली काय? दाब मोजण्याचे साधनच ज्या काळी नव्हते त्या काळी तो रोग म्हणून ओळखला जाणे शक्य नव्हते. ऋषींनी जे म्हटले नाही ते त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांनी आपल्याला एक नाव दिले, एक मूळ दिले आणि त्यात सामर्थ्य आहे अशी सूचना दिली. वारसा म्हणून एवढेही थोडके नाही.

त्या सूचनेस प्रत्यक्षाची जोड दिली ती कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन यांनी. हे गृहस्थ संस्कृतज्ञ वैद्य असून पाश्चात्त्य वैद्यकही शिकलेले होते. शारीरशास्त्रावर त्यांनी संस्कृतात जो ग्रंथ लिहिला त्याचे नावच 'प्रत्यक्षशारीरम्'. त्यांनी व डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये एक लेख प्रसिद्ध करून सांगितले की, हे मूळ उन्मादावर तर चालतेच, परंतु रक्ताचा वाढलेला दाबही उतरविते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी हे रसायनज्ञ आपल्या बंधूंसह या मुळातील क्रियाशील द्रव्ये वेगळी काढीत होते. अल्कलॉइड जातीच्या त्या द्रव्यांपैकी एकास त्यांनी 'अजमलीन' असे नाव दिले. ज्या हकीम अजमलखानांनी त्यांना या कार्यास लाविले, त्यांचे ऋण फेडण्याची ही रीत किती सुंदर! पुढे 1933 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी कलकत्त्याच्या उष्णदेशीय वैद्यक विद्यालयात या मुळाच्या क्रियेची परीक्षा केली. वैद्य, हकीम व डॉक्टर या तिघांचे हात या एका मुळास लागले, आणि कोणी कोणास तुच्छ लेखिले नाही.

इतके होऊनही हिंदुस्थानाबाहेर या मुळाची वार्ता फारशी गेली नव्हती. ती पोहोचविण्याचे श्रेय आपल्या मुंबईस आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या दाबाच्या 50 रोग्यांस सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, औषधापूर्वीचे व नंतरचे आकडे टिपले, आणि तो अहवाल 1949 मध्ये हृदयविकारावरील एका प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात छापविला. 'गुण आला', 'रोग्यास बरे वाटले' अशी मोघम भाषा येथे नव्हती; इतक्या रोग्यांचा दाब इतक्या मिलिमीटरांनी उतरला असा हिशेब होता. या हिशेबामुळेच बोस्टन येथील डॉक्टर रॉबर्ट विल्किन्स यांचे लक्ष तिकडे वेधले. त्यांनी तेथे प्रयोग करून वकिलांच्या म्हणण्यास दुजोरा दिला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडातील बाझेल येथे सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून 'रेसर्पीन' हे मुख्य द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. 1956 मध्ये वुडवर्ड या अमेरिकन रसायनज्ञाने तेच द्रव्य प्रयोगशाळेत साध्या द्रव्यांपासून बनवून दाखविले. डॉक्टर वकिलांना 1957 मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

येथे पहिल्या पक्षास टाळ्या पिटण्याचा मोह होईल. परंतु जरा थांबावे. निबंधातील उत्तम वाक्य वाचून विद्यार्थ्यास पूर्ण गुण देऊ नयेत, पुढचे पानही उलटावे, असा शिक्षकांचा दंडक आहे.

रेसर्पीनचे पुढचे पान असे. मज्जातंतूंच्या टोकाशी काही विशिष्ट द्रव्यांचा साठा लहान लहान कोठ्यांत भरून ठेविलेला असतो. हृदयास जलद चालावयास व धमन्यांस आवळावयास सांगावयाचे असले म्हणजे तंतू त्या साठ्यातील द्रव्य सोडतो. रेसर्पीन या कोठ्यांची वाट अडविते. द्रव्य आत जाऊ शकत नाही, बाहेर राहून त्याचा नाश होतो, आणि हळूहळू कोठी रिकामी पडते. मग धमन्यांस आवळण्याची आज्ञा क्षीण होते, त्या सैल पडतात व दाब उतरतो. परंतु तशाच कोठ्या मेंदूतही आहेत, आणि औषध त्यांस वगळून जात नाही. ज्या गुणाने बिहारातील उन्मत्त माणूस शांत होई, त्याच गुणाने दाबाच्या काही रोग्यांची मने खिन्न होऊ लागली. विशेषतः मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांत अशा नोंदी वारंवार झाल्या. नाक चोंदणे, नाडी मंद होणे, सुस्ती, जठरातील व्रण बळावणे हे दोषही आढळले. मूळ आपल्या रानातले आहे म्हणून ते सौम्य असलेच पाहिजे असा काही सृष्टीचा नियम नाही.

या दोषांतूनही ज्ञानच निष्पन्न झाले हे विशेष. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेसर्पीन दिले तेव्हा ते निश्चल होऊन बसले; मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामीनचे कार्य व कंपवाताचे औषध यांचा शोध लागला तो या वाटेने, आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकातील वाटा मिळाला.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. औषधाने आकडा उतरतो हे सिद्ध झाले; परंतु आकडा उतरल्याने माणूस वाचतो काय? या दोन गोष्टी एक नव्हेत. हिचे उत्तर अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत मिळाले. डॉक्टर एडवर्ड फ्रेस यांच्या नेतृत्वाखाली 143 पुरुष निवडण्यात आले. त्यांचा खालचा आकडा 115 ते 129 इतका होता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटास खऱ्या गोळ्या, दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कोणास काय मिळते हे रोग्यासही ठाऊक नव्हते आणि त्यास तपासणाऱ्या डॉक्टरासही. इतका बंदोबस्त कशाला, असे कोणी विचारील. तर डॉक्टर समोर येताच कित्येकांचा दाब चढतो, अंथरुणावर पडून राहिल्याने उतरतो, आणि 'आपणांस औषध मिळते आहे' या विश्वासानेही उतरतो. हे सर्व वजा करून औषधाचा निव्वळ गुण किती, ते पाहावयाचे होते.

निकाल 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या 70 जणांत 27 जणांवर गंभीर संकट ओढवले आणि चौघे मरण पावले. औषध घेणाऱ्या 73 जणांत असे संकट दोघांवर आले. मृत्यू एकही नाही. फरक इतका स्पष्ट होता की या गटापुरता प्रयोग पुढे चालविणे अन्यायाचे ठरले असते. दाब उतरविणे धोक्याचे आहे ही जुनी समजूत या आकड्यांपुढे टिकली नाही. आणि खऱ्या गोळ्यांत होते काय? तीन औषधे: लघवीवाटे मीठ व पाणी काढणारे हायड्रोक्लोरोथायझाइड, धमन्या सैल करणारे हायड्रॅलझीन, आणि तिसरे रेसर्पीन, आपल्या सर्पगंधेचे सत्त्व. दुसऱ्या पक्षाने येथे क्षणभर विचार करावा. ज्या प्रयोगाने रक्ताच्या दाबाची चिकित्सा शास्त्राच्या पायावर उभी राहिली, त्यात आपल्या रानातील एका मुळाचा वाटा होता.

तरी आज सर्पगंधेस पहिल्या पंक्तीत स्थान नाही. 1964 मध्ये ब्रिटिश संशोधक जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रानोलॉल आले; त्यानंतर कॅल्शियमचा पेशीप्रवेश रोखणारी औषधे आली; आणि सापाच्या विषातूनही एक औषध निघाले. ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाचे विष अंगात भिनले की दाब एकाएकी कोसळतो. तेथील सेर्जिओ फेरेरा यांनी त्या विषातील एक अर्क शोधून काढिला व पुढे तो लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेला. त्या धाग्यावरून अमेरिकेत कुशमन व ओन्देत्ती यांनी कॅप्टोप्रिल हे औषध घडविले. ते 1981 मध्ये तेथे मान्य झाले. सर्पविषावर उतारा म्हणून जिची ख्याती ती सर्पगंधा दाबावर चालली, आणि खुद्द सर्पविषानेही दाबावरच औषध दिले, हा योगायोग कोणत्याही कवीस सुचला नसता. आज डॉक्टर बहुधा मूत्रल, कॅल्शियम रोखणारी किंवा कॅप्टोप्रिलच्या कुळातील औषधे देतात. कारण त्यांचा गुण मोठमोठ्या प्रयोगांत सिद्ध झाला आहे आणि मनावर खिन्नता आणण्याचा दोष त्यांत त्या मानाने अल्प आहे. मागून आलेल्या अधिक चांगल्याने आधीच्यास बाजूस सारावे, यात आधीच्याचा अपमान नाही.

आता घरापुरता उपदेश, तोही थोडक्यात. सर्पगंधेचे चूर्ण बाजारातून आणून आपल्या मनाने कोणासही देऊ नये. मुळातील सत्त्वाचे प्रमाण स्थळ व ऋतू यांप्रमाणे बदलते, दुसऱ्या जातींची मुळे त्यात मिसळलेली असतात, आणि चिमटीच्या मापाने घेतलेल्या औषधाची मात्रा कोणी सांगावी? त्यातून डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना हे गुपचूप घेतले, तर दाब नको तितका उतरून माणूस न्हाणीघरात पडावयाचा. शिवाय रानातून बेसुमार उपटल्यामुळे ही वनस्पती दुर्मिळ झाली असून 1990 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. वैद्यांकडून घ्यावयाची असली तरी ती डॉक्टरांस सांगून घ्यावी, आणि डॉक्टरांच्या गोळ्या वैद्यांपासून लपवू नयेत.

स्वयंपाकघरातील अधिकारी मंडळींसही एक विनंती. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लोणचे, पापड वाढण्याची आपली रीत सुबक आहे. परंतु ज्यांचा दाब वाढलेला आहे त्यांच्या पानाची डावी बाजू लिंबाची फोड, कोशिंबीर व थोडी ओली चटणी इतक्यावरच शोभू द्यावी, आणि चटणीतही मीठ बेताचेच असावे. एकत्र कुटुंबात एकाचे पथ्य सर्वांनी थोडेथोडे पाळले, तर ज्याचे पथ्य त्यास ते एकट्याचे दुःख वाटत नाही.

शेवटी आजोबांविषयी. 'मला काही होत नाही, मग गोळी कशाला?' हा त्यांचा प्रश्न वरवर तर्कशुद्ध दिसतो. पण त्यातील हेतू असिद्ध आहे. काही न होणे हे या रोगात आरोग्याचे लक्षण नव्हे, आणि दाब उतरला आहे म्हणून गोळी सोडणे म्हणजे छप्पर गळत नाही म्हणून कौले उतरविणे. त्यांच्याशी वाद घालू नये. घरातील एखाद्या मोठ्या नातवाने दाब मोजण्याचे यंत्र आणावे, आजोबांना पाच मिनिटे स्वस्थ बसवून पट्टा बांधावा, आणि आकडे तारीखवार एका वहीत लिहून ती त्यांच्याच स्वाधीन करावी. ज्या पिढीने जन्मभर जमाखर्चाच्या वह्या चोख ठेविल्या, ती पिढी आपल्या स्वतःच्या वहीतील आकडा सहसा नाकारीत नाही.